डब्याचं झाकण

—नाही नाही ताई, आधी मला सांगा, गाडी अगोदर दाखवलीत कुणाला? समोर ना? काचेचा दरवाजा, पांढऱ्या फरश्या? अहो, लाजताय कशाला, सगळे आधी तिकडंच जातात. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे तो. कॉम्प्युटर लावला असेल त्यानं, बरोबर? वायर खुपसली, पडद्यावर आकडे आले, आणि मग म्हणाला, थोरल्याकडं न्या. म्हणणारच! नाचता येईना अंगण वाकडं. मशीन रोग सांगतं हो, हात काळे कोण करणार? बसा त्या स्टुलावर. नाही, तेल नाही लागलेलं, आत्ताच पुसलंय. आणि ही बॅटरी धरा जरा, उजेड इथं.

हे बघा, हा व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडं निघालेला धूर थोडासा परत इंजिनात सोडायचा, एवढंच याचं काम. तो धूर गेला नाही की आतली आग जास्त तापते, आणि चढावर तुमची गाडी खडखडते. आता इथं हा हातपंप लावतो. इंजिन चालू आहे ना? मी पंप मारला की व्हॉल्व्ह उघडेल, धूर आत जाईल आणि इंजिन गुदमरून बंद पडेल. घाबरू नका, बंद पडलं तर चांगलंच! बघा हं — मारला. पंपावरचा काटा टिकलाय, म्हणजे व्हॉल्व्ह फाटलेला नाही. पण इंजिनाला काही सोयरसुतक आहे का? मस्त चाललंय. म्हणजे वाट तुंबलीय. काजळी. उघडतो.

त्या खुर्चीतले म्हातारे दिसले तुम्हाला? काचेच्या दरवाज्याशी बसतात. आमचे बाबा. हे गॅरेज त्यांचं — म्हणजे हे, इथलं! पाना धरायला मला त्यांनी शिकवलं, धाकटा तेव्हा पाटी फोडत होता. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाचं पोट ऐकायचे. आता तेही लागत नाही, रस्त्यापलीकडून कळतं त्यांना कुठली गाडी काय म्हणतेय. तीन वर्षांमागं धाकट्यानं ते दुकान काढलं आणि एके दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं यांची खुर्ची उचलून नेली. यांनी ‘जाऊ का रे?’ एवढंसुद्धा विचारलं नाही मला. तिकडं पंखा आहे म्हणे. इथं पंखा नाही? तो काय फिरतोय! जळतं ताई, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी शटर वर करतो तेव्हा पहिली नजर त्या खुर्चीकडंच जाते. पण एक सांगतो, धाकट्याकडं सगळं असेल, हात नाही. बाबा स्वतः म्हणायचे — थोरल्याचं काम कधी उघडून बघायला लागत नाही.

बोल्ट त्या डब्यात टाका. निळा, उठावाच्या गुलाबाचा. झाकण नाहीये त्याला, हरवलंय कुठंतरी. थांबा, थांबा! या बोल्टच्या डोक्यावर ताजे ओरखडे आहेत. उघडलं होतं त्यानं! उघडलं, कळलं नाही, बंद केलं. आणि हे काय — अरे वा! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! काजळीनं नाहीच हो तुंबलेली, ही बघा, मध्ये पत्र्याची चकती! साफ करायला अर्धा दिवस जातो, म्हणून पत्रा घालून वाटच बुजवली, पंधरा मिनिटांत गाडी गिऱ्हाइकाच्या हातात. हा तुमच्या पांढऱ्या फरश्यांचा हात! चला ताई, उठा, आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर. बाबांच्या हातात देतो ही आणि विचारतो —

काय म्हणालात? गेल्या महिन्यात घेतलीत? जुनी? कुणाकडून — ते उंच, चष्मेवाले, सारखे घड्याळ बघणारे?

बॅटरी इकडं करा जरा.

हं.

तिकडं काय बघताय, डब्याकडं? बघा, बघा. चकतीच्या कडेला त्याच गुलाबाची पाकळी आहे ना? मीही बघतोय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तो चष्मेवाला त्या दिवशी डोक्यावर बसला होता, लवकर करा, लवकर करा. गाडी उभ्या उभ्या आचके देत होती. आणि समोरनं माझ्या बाबांची खुर्ची रस्ता ओलांडून चाललेली. कुणाचं लक्ष लागेल साफसफाईत? कात्री घेतली, झाकण कापलं. एकदाच, ताई. आयुष्यात एकदाच.

पण ही चकती इथं पुसलेली आहे. अंगठ्याएवढी. या बाजूला सगळी काजळी, आणि मधोमध पुसलेलं. धाकट्याचा अंगठा एवढा रुंद नाही. खरं सांगा, तिथं उघडली तेव्हा बाबा खुर्चीत होते की उठून आले होते?

उठून आले.

हातात घेतली? मग काय म्हणाले? काही तरी म्हणाले असतील! ‘होती तशी बसव’? बस? आणि धाकटा? तो हसला असेल. नाही? मान खाली घालून बसवली? तुम्हाला नीट आठवतंय ना? हसायला पाहिजे होतं हो त्यानं! चार लोकांत माझं पितळ उघडं पाडायला पाहिजे होतं, मी तेच करायला निघालो होतो आत्ता. तर हा वर मलाच गिऱ्हाईक पाठवतो! तेवढाही चान्स ठेवला नाही मला मेल्यानं. आणि बाबांना इथून सगळं ऐकू जातं. मघाशी मी पंप मारला आणि इंजिन चालूच राहिलं, तेही ऐकलं असणार त्यांनी. आता पंप मारल्यावर इंजिन बंद पडायची वाट बघत बसलेत.

बॅटरी द्या. नाही, अर्धा दिवस लागेल, काजळी खरवडून काढायला लागते, घाई चालत नाही याला. तुम्ही जा. संध्याकाळी या. आणि ताई, त्या बाजूनं नका जाऊ, मागच्या गल्लीतनं जा. जा म्हटलं ना.