प्रभूनं मला सांगितलं होतं

नाही हो, राग कशाला येईल पाळकसाहेब — मी आपलं विचारते. रविवारी चर्चमध्ये तुम्ही म्हणालात ना, मनात उठणारा प्रत्येक आवाज देवाचा नसतो, कधी कधी आपलाच 'मी' देवाच्या नावानं बोलत असतो — ते माझ्यासाठी होतं का? नसेलही. पण सगळ्या बायका वळून माझ्याकडेच बघत होत्या. म्हणजे, मला तसं वाटलं. चहा घ्या ना.

तुम्ही नवीन आहात, तुम्हाला ठाऊक नसणार. सासूबाईंची उजवी बाजू गेली, तेव्हा माझी नणंद लगेच म्हणाली, आईला मी नेते. ताईंचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण, खुर्ची ढकलत झाडाखाली नेता येते. आमचं हे असं, तिसऱ्या मजल्यावर — आईंना त्या खोलीतून काय दिसतं? कपाट दिसतं. पण त्याच आठवड्यात उपासनेत देवाच्या कृपेची साक्ष द्यायला मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे, मी कधी चार लोकांत बोलत नाही — आणि तोंडातून निघालं, प्रभूनं मला सांगितलंय, ही सेवा तुझी आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. अख्खी मंडळी रडली. तोवर मी म्हणजे कोण, तर त्या फिटरची बायको, मागच्या बाकावर बसते ती. त्या दिवसापासून लोक आपापल्या सुनांना माझं उदाहरण देतात. सुना मला पाण्यात बघतात, ते वेगळं.

आता कंबर गेली माझी. बालवाडीतली नोकरी सोडली — ती पोरं आवडायची हो मला, नाकं पुसायला लागायची तरी आवडायची. रोज सकाळी आईंना कुशीवर वळवताना मनात येतं, जाऊ दे त्यांना लेकीकडे. की लगेच मी स्वतःला म्हणते, हा तुझा स्वार्थ, हा देव नव्हे. इथंच राहू दे म्हटलं, की तो मात्र देव. म्हणजे ज्यानं माझी कंबर मोडते तेवढंच देवाचं — असं असतं का? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. नको, थांबा, सांगू नका. तुम्ही 'सोड' म्हणालात तर मंडळीपुढे मी काय तोंड दाखवू? प्रभूनं बेत बदलला म्हणू? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतात, तू म्हणशील तसं. देवाचं नाव घेतलं की ते वाद घालत नाहीत. म्हणून मीही घेते.

परवा ताई गाडी घेऊन आल्या. दोघं भाचे खुर्ची उचलायला वर आले. मी दारातच सांगितलं, आई नको म्हणतात. ताई म्हणाल्या, वहिनी, मला एकदा तिच्या तोंडून ऐकू दे. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही आता. उतरताना रडत होत्या बिचाऱ्या, एका भाच्यानं हाताला धरून नेलं — म्हणजे, आईंना येतं थोडंसं बोलता. जीभ जड झालीय, दुसऱ्याला नाही कळणार चटकन. मला कळतं. ताईंचं नाव घेतात. जेवताना, अंग पुसताना, तेच एक नाव. मी रेडिओवर भजनं लावते मोठ्यानं.

काय? आईंना काय हवंय, ते विचारलं का? मी देवाला विचारलं ना, पाळकसाहेब. मग त्यांना कशाला —

बसा, उठू नका. आत नको. प्रार्थना करायची तर इथूनच करा, आणि हळू आवाजात करा, कुणी आलंय हे कळलं की त्या हाक मारतात. नाही, मी नाही येत आत तुमच्याबरोबर, कुणीच आत जायचं नाही. हे बघा, माझं नि देवाचं काय ते मी बघून घेईन. तुम्ही निघा आता. जिन्यात अंधार असतो, सांभाळून उतरा — आणि दार ओढून घ्या.