पाहुण्या डॉक्टरनं काढलेला दात

श्रीवर्धनच्या दवाखान्यात, रांगेत माझ्यापुढे ठमाबाई आणि गाल सुजलेला अनंता बोलत होते.

"अनंता, तुझा दात त्या परदेशी नेव्हीच्या डॉक्टरनं काढला ना रे?"

"काढला गो मावशी, शिबिरात. दोन्ही देशांचे झेंडे लावलेले, साहेब लोक फोटो काढत होते."

"मग आज हितं कशाला?"

"त्यानं दुखऱ्या दाताच्या शेजारचा काढला."

"सांगायचं न्हाय?"

"त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते."

"मग नंतर तरी?"

"नंतर त्यानं आपल्याकडच्या एका साहेबाकरवी विचारलं, आता बरं वाटतंय का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या लांबून बोटीनं आलेला माणूस, मावशी. मी म्हटलं, लय बरं वाटतंय."