या आठवड्याचे गाणेबजावणे

आनंदराव : नाही बुवा, ‘दिवेलागणीनंतर केव्हातरी’ असे मी छापणार नाही. वाचकाला वेळ हवी. वेळ म्हणजे आकडा.

हरिहरबुवा : कल्याणचं भजनी मंडळ आकड्यावर चालत नाही, आनंदराव. मृदंगवाला पोचला की सुरू होतं.

आनंदराव : आणि मृदंगवाला कोण?

हरिहरबुवा : मीच.

आनंदराव : मग तुम्ही केव्हा पोचणार हे तुम्हांला तरी ठाऊक असेल!

हरिहरबुवा : गाडी पोचवील तेव्हा. बरं, सात लिहा. पण सात कुणाचे? रेल्वेचं घड्याळ गावापेक्षा अर्धा तास पुढे. मागच्या खेपेस तुम्ही नुसतं ‘सात’ छापलंत. निम्मी माणसं रेल्वेच्या सातला आली, अर्धा तास सतरंजीकडे बघत बसली आणि मला शिव्या देत उठून गेली.

आनंदराव : ‘गावच्या घड्याळाने सात.’ झाले? आज शुक्रवार आहे, बुवा. उद्या सकाळी अंक निघायचा. अग्रलेख तयार, पत्रव्यवहार तयार, बाजारभाव तयार. जुळारी आत छपाईचे खिळे हातात घेऊन बसला आहे तो केवळ तुमच्या अर्ध्या स्तंभासाठी. गेली दोन वर्षे दर शुक्रवारी हेच.

हरिहरबुवा : दोन वर्षं लोक पहिल्यांदा तो अर्धा स्तंभच वाचतात, तुमचा अग्रलेख नंतर. ठाण्यात गाणं झालं हे ठाणेकरांना दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळायचं. आता आधी कळतं. घ्या पुढे. रविवार, तिसऱ्या प्रहरी, देवळात महिपतबुवांचं कीर्तन. नावामागे ‘कीर्तनकेसरी’ घाला.

आनंदराव : ‘कीर्तनकेसरी’ गेल्या आठवड्यात भिवंडीचे कोणी होते.

हरिहरबुवा : तेही आहेत.

आनंदराव : एका तालुक्यात दोन केसरी? ही पदवी देतो तरी कोण?

हरिहरबुवा : ज्याची त्याची आई देत असावी. मला विचारू नका. मी दोघांच्याही साथीला बसतो. पदवी गाळली, तर महिपतबुवा पूर्वरंगातच लय अशी चढवतात, की माझी बोटं सोलून निघतात. ही माणसं सूड तालात घेतात, आनंदराव. तुम्ही इथे कात्री चालवता, तिथे कातडी माझी जाते.

आनंदराव : असू दे केसरी. सोमवार?

हरिहरबुवा : सोमवारी मानपाड्यास आगऱ्यांचं लग्न. धवलारीण लग्नाची गाणी गाणार. सकाळपासून हळद उतरेपर्यंत एकटी बाई गाते, समोर कागद नाही की पोथी नाही. लिहा, ‘ऐकणाऱ्याने जरूर जावे.’

आनंदराव : लिहिले. गुरुवार, अँब्रोजची मंडळी. हेही लग्नच. बुवा, लग्न म्हणजे जाहीर गाणे नव्हे.

हरिहरबुवा : अँब्रोजचं व्हायोलिन आणि त्याच्या भावाचा क्लॅरिनेट ऐकायला कुंपणाबाहेर चारशे माणूस उभं राहतं. त्याला जाहीर नाही तर काय म्हणायचं? मात्र ‘बाहेरूनच ऐकावे’ असं छापा. त्यानं विनवून सांगितलंय. मागच्या वेळी आपली यादी वाचून साठ जण आत गेले आणि जेवून आले. वधूच्या मावशीला ताट मिळालं नाही. ती अजून अँब्रोजशी बोलत नाही.

आनंदराव : ‘श्रोत्यांनी कुंपणाबाहेर उभे राहून श्रवण करावे.’ संपले?

हरिहरबुवा : बुधवार राहिला.

आनंदराव : बुधवार मी काढला आहे.

हरिहरबुवा : काढला म्हणजे?

आनंदराव : कागद तुमच्यासमोर आहे. रेघ मारलेली दिसते.

हरिहरबुवा : दिसते. मला वाटलं शाई सांडली.

आनंदराव : बुवा, आपण दोघेही जाणते आहोत. गोदाबाई कलावंतीण आहे. माझे वर्तमानपत्र घरोघर जाते. लेकी-सुना वाचतात, निदान वाचाव्यात अशी माझी खटपट आहे.

हरिहरबुवा : गोदाबाई गाणारी आहे. बावीस वर्षं मी तिच्या साथीला बसतोय. शेटजींच्या दिवाणखान्यात ती गायची तेव्हा तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि कचेरीतले कारकून पहिल्या गादीवर असायचे. ‘शेटजींकडचं गाणं’ म्हणायचे. बाईचं नाव तेव्हाही कोणी घेत नव्हतं. शेटजी गेले. मुलांनी दिवाणखान्याला कुलूप घातलं. आता पहिल्यांदा ती स्वतःच्या नावानं, उघड्यावर, टेंभी नाक्याजवळच्या धर्मशाळेच्या ओसरीत बसणार आहे. ओसरी भरली तर धर्मशाळेचे पंच दर महिन्याला जागा देणार आहेत. नाही भरली तर ती गोव्याला बहिणीकडे निघून जाईल. सामान बांधून ठेवलंय तिनं. आणि तुम्ही रेघ मारता!

आनंदराव : माझी बाजू ऐकाल?

हरिहरबुवा : ऐकतोच आहे. दोन वर्षं दर शुक्रवारी ऐकतोय.

आनंदराव : दिवाळीनंतर मुलींची शाळा काढत आहोत. एकोणीस बापांनी होकार दिला आहे. एकेका होकारासाठी मी तीन-तीन वेळा उंबरे झिजवले आहेत. गेल्या वर्षी नाटकवाल्यांबरोबरच्या एका नायकिणीचे नाव चुकून अंकात आले, तर एका वकिलांनी मला वाटेत थांबवून विचारले, “मास्तर, तुम्ही नायकिणींच्या जाहिराती करता आणि आमच्या मुली मागता?” काय उत्तर देणार होतो मी?

हरिहरबुवा : सांगायचं होतं, की गाणं ही विद्या आहे.

आनंदराव : सांगितले. ते हसले. त्यांची मुलगी यादीतून गेली. बुवा, गोदाबाईंच्या गाण्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. मी स्वतः ऐकले आहे. पण माझ्या एका ओळीपायी एकोणीस मुलींची अक्षरे जाणार असतील, तर ती ओळ मी गाळीन. आणि झोपही नीट येणार नाही. दोन्ही खरे आहे.

हरिहरबुवा : म्हणजे एकोणीस जणींना अक्षर यावं म्हणून एकीचं नाव अक्षरात यायचं नाही.

आनंदराव : तुम्ही बोलता छान. मग मघाच्या मानपाड्याच्या धवलारणीचे नाव काय?

हरिहरबुवा : तिचं? धवलारीणच म्हणतात तिला सगळे.

आनंदराव : सकाळपासून एकटी गाते, जरूर जावे, असे तुम्हीच लिहविले. नाव विचारले होते?

हरिहरबुवा : ...नाही.

आनंदराव : मी दोष देत नाही. इतकेच म्हणतो, की नावे गाळणारा मी एकटा नाही.

हरिहरबुवा : तुम्ही बी.ए. झालात हे चुकलं. वकील व्हायला हवं होतं. नाव न विचारण्याची माझी चूक मी सुधारीन. तुम्ही तुमची सुधारा.

आनंदराव : एक मार्ग आहे. ‘बुधवार, सायंकाळी पाच, टेंभी नाक्याजवळील धर्मशाळेच्या ओसरीत गायन. मृदंगाची साथ हरिहरबुवा गुरव यांची.’

हरिहरबुवा : गाणारं कोण?

आनंदराव : जे येतील त्यांना कळेल.

हरिहरबुवा : अहो, साथीदाराचं नाव आणि गाणाराचं नाही? वरातीत घोड्याचं नाव छापून नवरदेव गाळल्यासारखं आहे हे! लोक मला काय म्हणतील? ती काय म्हणेल?

आनंदराव : नाही तर ओळच नाही. मग ओसरी निश्चित रिकामी. निवडा. जुळारी तिसऱ्यांदा डोकावून गेला.

हरिहरबुवा : ...छापा. छापा काय छापायचं ते. देवा, मी टाळ कुटायचं सोडून या छापखान्याच्या पायऱ्या का चढलो!

(शनिवारी सकाळी, गोदाबाईंच्या घरी.)

गोदाबाई : अंक आणलात?

हरिहरबुवा : आणला.

गोदाबाई : मग उभे का? बसा. वाचा. मला ती काळी अक्षरं म्हणजे मुंग्या. माझी ओळ कुठली, त्यावर बोट ठेवा आधी.

हरिहरबुवा : ही... ही इथली.

गोदाबाई : एवढीशी? बरं. वाचा.

हरिहरबुवा : “बुधवार, सायंकाळी पाच वाजता, टेंभी नाक्याजवळील धर्मशाळेच्या ओसरीत गोदाबाई यांचे गायन. ज्यांचे गाणे बावीस वर्षे बंद दारांआड राहिले, त्यांना ठाणेकर आता प्रथमच उघड्यावर ऐकतील. मृदंगाच्या साथीस हरिहरबुवा गुरव.”

गोदाबाई : बंद दारांआड. असं छापलं मास्तरांनी?

हरिहरबुवा : हो.

गोदाबाई : ते बरे दिसतात मग. लोक उगाच बोलतात त्यांना. बुवा, पुन्हा वाचा.

हरिहरबुवा : आता कशाला? मृदंगाला शाई लावायची आहे मला. उशीर होतोय.

गोदाबाई : आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलंय माझं. दोनदा ऐकलं तर मृदंग रुसत नाही. वाचा.

हरिहरबुवा : “बुधवार, सायंकाळी पाच वाजता, टेंभी नाक्याजवळील धर्मशाळेच्या ओसरीत... प्रसिद्ध गायिका गोदाबाई यांचे सुश्राव्य गायन होईल. रसिकांनी अवश्य यावे. साथीस हरिहरबुवा गुरव.”

गोदाबाई : बंद दारं कुठे गेली?

हरिहरबुवा : कुठली दारं?

गोदाबाई : बावीस वर्षांची. मघाशी होती. आणि हे ‘सुश्राव्य’ मघाशी नव्हतं.

हरिहरबुवा : ओळ चुकली असेल वाचताना. चष्मा घरी राहिला.

गोदाबाई : चष्मा नाकावर आहे, बुवा. मला वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेली ओळ मी विसरत नाही. माझं पोट त्यावर चाललंय. आलाप दर खेपेला निराळा होतो. छापलेलं अक्षर होत नाही. तिथे काय आहे ते वाचा.

हरिहरबुवा : गोदाबाई, मी भांडलो त्याच्याशी. तासभर भांडलो.

गोदाबाई : वाचा.

हरिहरबुवा : “बुधवार, सायंकाळी पाच, टेंभी नाक्याजवळील धर्मशाळेच्या ओसरीत गायन. मृदंगाची साथ हरिहरबुवा गुरव यांची.”

गोदाबाई : संपलं?

हरिहरबुवा : संपलं. पुढे अँब्रोजचं लग्न आहे. म्हणजे अँब्रोज वाजवणार आहे ते.

गोदाबाई : अभिनंदन, बुवा. नाव चांगलं आलंय तुमचं.

हरिहरबुवा : असं नका बोलू. चार शिव्या द्या हवं तर.

गोदाबाई : शिव्या कशाला? बुधवारी तुम्ही मध्ये बसा. लोक तुमचं नाव वाचून येणार. मी बाजूला बसून टाळ धरते.

हरिहरबुवा : झालं! तिकडे तो शाळा घेऊन बसलाय, इकडे तुम्ही टाळ घेऊन बसा. दोघांच्या मध्ये माझं भरीत. मी काय करायचं होतं? ओळ येऊच दिली नसती तर काळं कुत्रं फिरकलं नसतं तिथे. तुम्ही गोव्याला गेला असता.

गोदाबाई : ओळ येऊ दिलीत ते बरं केलंत. मी त्यावर रागावले नाही. मला खोटं का वाचून दाखवलंत?

हरिहरबुवा : तुमचा चेहरा बघून.

गोदाबाई : बावीस वर्षं माझा चेहरा बघून कोणी ना कोणी काहीतरी ठरवतंय. शेटजीही तेच करायचे. भले होते ते, पण तेच करायचे.

हरिहरबुवा : चुकलं माझं. सोमवारी परत जातो छापखान्यात. पुढच्या अंकात...

गोदाबाई : पुढच्या अंकाच्या आधी बुधवार येतो. ऐका. सूर लावून झाले, लोक बसले, की तुम्ही उभे राहा. तुम्ही मघाशी वाचलंत ते सगळ्यांना तोंडानं सांगा. नाव घेऊन.

हरिहरबुवा : मी? उभं राहून?

गोदाबाई : का? पाय दुखतात?

हरिहरबुवा : देवळाचे पंच पुढ्यात बसतील. माझी पिढीजात सेवा आहे तिथे.

गोदाबाई : तुम्ही माझ्या साथीला बसता ते पंचांना दिसत नाही?

हरिहरबुवा : हात वाजवतो त्याचं कोणी मनावर घेत नाही. गुरवाचे हात, ते कुठेही वाजतात. तोंडानं मान देऊन नाव घ्यायचं, तेही चारचौघांत, ते वेगळं पडतं.

गोदाबाई : मास्तरांनाही तेच वेगळं पडलं असेल.

हरिहरबुवा : आता तुम्हीही मास्तरांची वकिली करा.

गोदाबाई : नसेल जमत तर नका सांगू. साथीला तरी या. मी गाईन.

हरिहरबुवा : अहो, थांबा जरा! विचारही करू देत नाही माणसाला. सगळ्यांना आपलं आत्ताच्या आत्ता हवं असतं. एक म्हणतो निवडा, दुसरी म्हणते उभे राहा.

गोदाबाई : थांबले.

हरिहरबुवा : पंच काय, फार तर पालखीला दुसरा मृदंगवाला आणतील. आणू देत. त्याला तरी कळेल महिपतबुवांची लय काय असते ती.

गोदाबाई : म्हणजे?

हरिहरबुवा : म्हणजे सांगतो. उभा राहून सांगतो. पण मनानं रचून दोन वाचली होती मी. त्यातलं कुठलं सांगू?

गोदाबाई : पहिलं. दुसऱ्या वेळी तुमचा आवाज भ्यालेला होता.