पहिलं काडतूस

काडतुसात बारूद भरायला मला कुणी शिकवलं, म्हणता? आमच्या ह्यांनीच. निजामाचं राज्य होतं, आमी जिंतूरकडं ऱ्हायचो. ह्यांना छोट्या रिव्हॉल्वरची लय हौस. नवी काडतुसं मिळंनात, मग वापरलेलीच पुन्हा भरायची. हे उतावळे, बारूद सांडायचे, म्हणून भरायची मीच, रिव्हॉल्वरमधी घालायचीही मीच. पहिला बार नेहमी फुसका निघायचा. काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी सर्दाळली म्हणून हे चिडायचे.

हुरड्याच्या दिवसात रानडुकरं लय माजली. एकदा दिवस मावळताना ज्वारी हलली अन् ह्यांनी चाप ओढला. नुसताच खट्ट आवाज. त्या रिव्हॉल्वरचा घोडा दर बाराला हातानं मागं ओढावा लागायचा. हे तो ओढायलेत, तवर ज्वारीतून माझा दीर उभा राहिला.

"दादा, मी हाय!"

घरी येऊन ह्यांनी ते काडतूस उकललं. आत बारूदच न्हाई.

"भरायचं राहिलं का?"

"न्हाई. पहिलं मी रिकामंच ठेवते. तुमी आधी चाप ओढता, मग बघता."

पुढच्या खेपेला मी पाच काडतुसं भरली. सहावं ह्यांनी उचललं, बारूद न घालताच त्यात गोळी बसवली अन् माझ्या हातात ठेवलं.

म्हणाले, "हे पहिलं."