वावरात भरलेले फॉर्म

माझा जन्म यवतमाळचा, वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क, आणि आमच्या घरात दोन गोष्टी अगदी वेळेवर व्हायच्या, जेवण आणि इंग्रजीचं पाठांतर. हात थरथरतो म्हणून आता मी बोलते आणि तुमचा मामा लिहून घेतो, त्याला बजावलं आहे, सुधारायचं नाही. तर मुलांनो, मी नागपूरला डॉक्टर झाले आणि पुढे मनोविकार हा विषय घेतला, तेव्हा आत्या म्हणाली, अगं, एवढं शिकून वेड्यांचीच डॉक्टर कशाला, बाळंतपणं तरी करायचीस.

मला एका प्रश्नाचा नाद होता. मनाचा आजार सगळ्या माणसांत सारखाच दिसतो का? म्हणून मी चार तऱ्हेच्या वस्त्या निवडल्या, कोलाम आदिवासींचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, यवतमाळजवळ लोहारा गावी कारखान्यात जाणाऱ्यांच्या खोल्या, आणि पांढरकवड्याकडची कापसाची गावं. कापसाची ती वाईट वर्षं, शेतकरी जीव देत होते, पेपरवाले गाड्या घेऊन यायचे, फोटो काढायचे, लोक प्रश्नांनाच कंटाळले होते. प्रश्नांचा फॉर्म मी स्वतः खपून तयार केला होता आणि नियमही माझेच, घरी जायचं, बसून विचारायचं, बाईला एकटीलाच.

आता एकटीला म्हणजे काय सांगू तुम्हाला, मी गेले की कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची यायची, चहा यायचा, सासू दारात, दीर ओसरीत, आणि ती बाई पदर सावरत म्हणायची, सगळं बराबर आहे मॅडम. फॉर्मवर नाही, नाही, नाही.

माझ्या हाताखाली फॉर्म भरायला कमल होती. पांढरकवड्याजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, बारावी झालेली. तिचे फॉर्म भरून यायचे. झोप नाही, भूक नाही, रडू येतं, समासातसुद्धा लिहिलेलं. मला वाटलं, ही घरी बसून मनानं लिहिते. खोटं कशाला बोलू, वाटलं नव्हतं, तसं निघावं अशी इच्छा होती.

म्हणून एकदा न सांगता तिच्या मागोमाग गेले. पाहते तर ही वावरात, कमरेला ओटी बांधून, बायांबरोबर कापूस वेचते आहे. हात पऱ्हाटीत, नजर बोंडावर, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं आणि बाया घडाघडा बोलत होत्या. कागद ती नंतर झाडाखाली बसून भरायची. मी बांधावर उभी राहिले, कोणी तरी म्हणालं, मॅडम आल्या, आणि सगळ्या गप्प झाल्या.

त्याच संध्याकाळी कमलनं शोभा नावाच्या बाईचा फॉर्म आणला. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याचा, तिथं हो. असा फॉर्म त्याच दिवशी माझ्याकडे यायचा हा नियम. मी म्हटलं, वावरात भरलेला मी धरणार नाही, दुसऱ्या ऐकतात, घरी जाऊन पुन्हा विचार. बोलणं शास्त्राला धरून होतं, पण शास्त्रासाठी मी ते बोलत नव्हते. कमल म्हणाली, घरी ते बाई बोलनच नाही मॅडम. मी म्हटलं, तरी विचार.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला, सगळ्या प्रश्नांना नाही. मी तो फाइलला लावला आणि मला बरं वाटलं, मुलांनो. एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता आणि मला बरं वाटलं, कारण कमल चुकीची ठरली होती.

ती भांडली नाही. आठ दिवसांची सुट्टी मागितली आणि रोज शोभाच्या शेजारच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, वेचायला गेली. तिच्या नवऱ्याला गाठून फवारणीच्या विषाचा डबा घरातून हलवायला लावला. नवव्या दिवशी एसटीनं तिला माझ्यासमोर आणून बसवलं. शोभानं सगळं सांगितलं, पण कमलकडे पाहून. मी औषधं लिहिली, पुढे काही महिन्यांत ती सावरली. पण त्या दिवशी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? अगं, माझ्याकडे तर पाहा.

मग मी नियम बदलला, वावरातले फॉर्म धरले, शोधनिबंधात त्या पद्धतीवर छान परिच्छेद लिहिला, परदेशातून शाबासकीची पत्रं आली. कमलचं नाव आभारात, शेवटच्या ओळीत, आडनावाशिवाय. नजरचूक नव्हती ती. विचार करून केलं.

कमल आता बायांचं समुपदेशन करते, कधी रविवारी येते. गेल्या वर्षी मी तिला हे सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, रडेल, निदान रागावेल. ती म्हणाली, मले माहीत होतं मॅडम, तुम्ही बांधावर उभ्या होत्या तवाच दिसलं. पन वेचायले काहून नाही आल्या?

मला वेचता येत नव्हतं, मी म्हटलं. ती हसली, म्हणाली, बायांनं शिकवलं असतं नं.

ती आली की अजूनही माझं लक्ष असतं, माझ्याशी किती बोलते आणि स्वयंपाकघरात आमच्या कामाच्या बाईशी किती. तिथंच जास्त बोलते. असो, या वयात आता काय बदलणार. तुम्ही सगळी सुखात राहा.