उणे तीननं भागताना

विनिपेगच्या बसमध्ये माझ्यापुढे मायलेकी बसल्या होत्या. आई गणिताची परीक्षा देऊन आली होती.

“टेस, माझा नर्सिंगचा प्रवेश हुकला बघ.”

“का गं आई?”

“उणे तीन एक्स बारापेक्षा मोठा, असं होतं. दोन्हीकडे उणे तीननं भागलं आणि शेवटच्या मिनिटाला मोठ्या-लहानाचं चिन्ह उलटं करून टाकलं. एक्स उणे चारपेक्षा लहान.”

“उलटं का केलंस?”

“एक्सच्या जागी शून्य घालून पाहिलं, जमेना. उणे पाच घातलं, तर पंधरा आले, बारापेक्षा मोठे. मग काय करणार?”

“अगं, बरोबर आहे! उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटतंच.”

“शपथ?”

“तुझी शपथ.”

“हुश्श! पिशवीतलं ते सँडविच काढ आधी. सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा उतरलं नाही गळ्याखाली.”