बँड मधेच थांबला तेव्हाची टाळी

अगं, परवा बागेत गिरणीचा बँड वाजत असताना ती पहिली टाळी कुणी वाजवली, ठाऊक आहे? मी!

बाळू सहा महिन्यांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. सासूबाईंचा रोजचा घोर, "पोराला ऐकू येत न्हाय की काय!" त्यात बँडमास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आज ज्या थोर जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवतोय, तो पुढे ठार बहिरा झाला होता." मी लगेच बाळूकडे पाहिलं!

ढोल, शिंगं दणाणत होती आणि बाळू मांडीवर गाढ झोपलेला. एकाएकी सगळी वाद्यं थांबली. म्हटलं, हीच वेळ! त्याच्या कानाशी फाडकन टाळी वाजवली. लोकांना वाटलं, गत संपली. अख्ख्या बागेनं टाळ्यांचा कडकडाट केला आणि बाळूनं दचकून असं भोकाड पसरलं म्हणून सांगू!

बँडमास्तर गर्रकन वळले. "अजून संपलेलं नाही! बाई, त्या पोराला बाहेर न्या."

शेजारी बसलेल्या सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "बाहेर का म्हणून? आत्ता कुटं त्याला ऐकू आलंय. तुमी वाजवा की जोरात!"